आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग

सॉफ्टबॉलच्या मैदानावर बॅट घेऊन उभ्या असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या कॅडेटला एका चेंडूमागे किती सूचना मिळतात, हे सगळ्यांनी एकदा कान देऊन ऐकावे. ‘कोपर वर घे.’ ‘बॉलवर नजर ठेव.’ ‘पाय पुढे टाक.’ ‘एवढा मोठा नको टाकूस.’ ‘खांदा उघडतोय.’ ‘जोरात फिरव.’ प्रशिक्षक एक सांगतात, सीनियर कॅडेट दुसरे सांगतात आणि भेटीच्या रविवारी कुंपणाबाहेरून आम्ही आईवडील तिसरेच ओरडत असतो. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. सुट्या सुट्या घेतल्या तर बहुतेक सूचना बरोबरही असतात. तरीही माझे स्पष्ट मत आहे की, लहान खेळाडूचा स्विंग बिघडतो तो चुकीच्या सूचनांपेक्षा बरोबर सूचनांच्या गर्दीने अधिक. एका वेळी एकच दुरुस्ती करावी, ती पायाकडून वर करत जावी, आणि दुरुस्ती सांगण्याआधी पुरेसे फटके पाहावेत, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

खरे तर सैनिकी शाळेत ही गोष्ट नव्याने सांगायची गरज पडू नये. रायफल रेंजवर पहिली गोळी डावीकडे गेली म्हणून कोणताही उस्ताद लगेच साइट फिरवत नाही. आधी पाच गोळ्या त्याच पोझिशनमधून, त्याच निशाण्यावर, श्वासाची तीच लय ठेवून झाडायला लावतात. मग टार्गेटवरच्या पाच छिद्रांचा झुबका पाहतात. झुबका विखुरलेला असेल तर दोष साइटचा नाही, पकडीचा किंवा ट्रिगर दाबण्याचा आहे. झुबका घट्ट असून एका बाजूला पडला असेल, तरच साइट हलवायची. आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग. हे आपल्या प्रत्येक कॅडेटला पाठ आहे. मात्र तोच कॅडेट बॅट हातात घेतो तेव्हा प्रत्येक फटक्यानंतर आपण त्याची ‘साइट’ फिरवत बसतो. आधी कोपर, मग पाय, मग डोके. दहा फटक्यांनंतर काय बदलल्यामुळे काय झाले, हे त्यालाही सांगता येत नाही आणि आपल्यालाही.

मी रेल्वेच्या नोकरीनिमित्त लखनौच्या मानक नगरात राहतो. रेल्वेची संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजे आरडीएसओ, इथेच आहे. १९३० सालचे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ सालचे रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये ही संस्था उभी राहिली. आमच्या वस्तीच्या नावातच ‘मानक’ आहे आणि कामही मापाचे आहे. गाडीची चाचणी घेताना स्प्रिंगही बदलली, डँपरही बदलला आणि वेगही वाढवला, तर आलेल्या निकालाचा अर्थ लागत नाही. म्हणून एका चाचणीत एकच बदल करायचा, बाकी सर्व तसेच ठेवायचे आणि मग मोजायचे. बॅटच्या स्विंगलाही हाच न्याय का लावू नये, हा प्रश्न मला गेल्या उन्हाळी सुट्टीत पडला.

आमची मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळते. सुट्टीत घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, “बाबा, सॉफ्टबॉल सोडून अ‍ॅथलेटिक्सला नाव देऊ का? चेंडू येईपर्यंत मला कोणाचं काय ऐकायचं तेच कळत नाही. मग मी बॅट फिरवतच नाही.” ती आळशी नाही आणि भित्रीही नाही. मन लावून सगळ्यांचे ऐकणारी मुलगी आहे, म्हणूनच ती अडकली होती. ज्या मुलांच्या कानावर सूचना पडून विरून जातात, ती निदान बॅट तरी फिरवतात. आज्ञाधारक मूल मात्र प्लेटजवळ गोठून उभे राहते. बारा ते चौदा हे वयच असे आहे, की या दोन वर्षांत मूल खेळाचे होते किंवा खेळ कायमचा सोडून देते. आपण त्या मुलांना गमावतो आहोत, आणि ती ‘कमकुवत’ असल्याचा शेरा मारून गमावतो आहोत. मला खरी चिंता वाटते ती याची.

थोडे गणित करून पाहू. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी होमप्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. चेंडू सोडताना पिचरने लांब पाऊल पुढे टाकलेले असते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात सुमारे ११ मीटरच कापायचे असतात. ताशी ८० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे २२ मीटर जातो. म्हणजे बॅटरच्या हाती उरतो अर्धा सेकंद. वेग ताशी ६५ किलोमीटर धरला, तरी सहा दशांश सेकंदच. त्यातला चांगला हिस्सा नुसता बॅट फिरण्यात जातो. उरलेल्या वेळात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि शरीराला हुकूम द्यायचा. वर चेंडूचा व्यास १० सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी, आणि बॅटची कमाल जाडी ५.७ सेंटीमीटर. गोल वस्तूने गोल वस्तूला मध्यावर गाठायचे! या अर्ध्या सेकंदात सहा सूचना आठवणे कोणालाही शक्य नाही. एक आठवता येईल, आणि तीसुद्धा आधी सरावात अंगात मुरलेली असेल तर.

मग पहिली सूचना कोणती? माझ्या मते नेहमी जमिनीजवळची. फटक्याची ताकद हातातून येते असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती पायाखालून निघते. पुढची टाच जमिनीवर टेकते, मागचा पाय पंज्यावर फिरतो, कंबर पिचरच्या दिशेने उघडते, तिच्यामागून खांदे, खांद्यांमागून हात आणि सगळ्यात शेवटी बॅटचे टोक. आसूड ओढताना आधी मूठ पुढे जाते आणि वादीचे टोक सगळ्यात शेवटी पण सगळ्यात वेगाने येते, तसाच हा प्रकार. ही साखळी खालून वर गेली तर सडपातळ मुलीचाही टोला दूर जातो. हात आधी निघाले तर दंडात कितीही बळ असो, चेंडू पिचरच्या पायाशी घरंगळतो.

साखळी अशी असल्यामुळे वर दिसणारा दोष बहुधा खालून आलेला असतो. ‘खांदा लवकर उघडतोय’ ही तक्रार नेहमीची. त्या मुलाचे पुढचे पाऊल पाहा. ते पिचरकडे न पडता तिसऱ्या बेसकडे पडते आहे, म्हणजे चेंडूपासून अंग काढून घेतले जाते आहे. पाय बाहेर गेला की कंबर बाहेर जाते, खांदा जातो आणि डोकेही जाते. अशा मुलाला ‘डोके स्थिर ठेव’ असे शंभरदा सांगून काही होत नाही. त्याच्या पावलाच्या जागी चुन्याची एक रेघ ओढली, की आठवड्याभरात डोके आपोआप जागेवर येऊ लागते. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलून भागत नाही, तसेच हे.

आमच्या सुट्टीत मी एवढेच केले. लखनौला मे-जूनमध्ये दहा वाजल्यापासून लू वाहू लागते, म्हणून पहाटे साडेपाचला मैदानावर जायचे. प्लॅस्टिकच्या पाइपला वर रबरी नळीचा तुकडा बसवून ‘टी’ तयार केली आणि मागे जुनी मच्छरदाणी बांधली. पहिले तीन दिवस काहीही सांगितले नाही. रोज वीस-वीस फटके नुसते पाहिले आणि बाजूने मोबाइलवर चित्रित केले. झुबका स्पष्ट दिसला. जवळजवळ प्रत्येक फटक्यात मागचा पाय जमिनीला खिळ्यासारखा ठोकलेला, कंबर बंद आणि हात एकटेच धावणारे. कोपर खाली पडत होते ते त्यामुळेच. पुढचे तीन आठवडे एकच सूचना दिली: ‘मागचा गुडघा पिचरला दाखव.’ कोपराचे नावसुद्धा काढले नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चित्रण पाहिले तेव्हा कोपर बरेचसे जागेवर आलेले होते. आवाजही बदलला होता. चेंडू मध्यावर बसला की बॅटचा आवाज वेगळाच येतो, तो तिला स्वतःलाच ओळखू येऊ लागला. प्लेटच्या बाहेरच्या कडेचा चेंडू तिच्याकडून अजून चुकतो. त्याची पाळी पुढच्या सुट्टीत.

आपल्याकडच्या मुलांची एक खास अडचण प्रशिक्षकांनी लक्षात घ्यावी असे वाटते. भारतात सॉफ्टबॉलची संघटना १९६१ मध्ये जोधपूरला स्थापन झाली. त्याच वर्षी साताऱ्याची सैनिक शाळा सुरू झाली. म्हणजे आपल्या देशात हा खेळ आणि ती शाळा एकाच वयाची. पण गल्लीत मुले खेळतात ते क्रिकेट. त्यामुळे सॉफ्टबॉलला आलेल्या मुलाच्या अंगात क्रिकेटची बॅट आधीच बसलेली असते. पुढचे कोपर उंच, बॅट उभी, टप्पा पडण्याची वाट पाहणारी नजर आणि चेंडूवर झुकणारे वजन. क्रिकेटमध्ये हे सारे गुण आहेत. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता, पिचरच्या मांडीजवळून सुटून येतो आणि बॅट आडवी फिरवायची असते. अशा मुलाला ‘चुकतोस’ म्हणण्याऐवजी ‘हा दुसरा खेळ आहे’ एवढे सांगितले, तरी त्याच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.

आणि आपल्या मातीत या स्विंगचे मूळ नाही असेही नाही. विटीदांडू आठवा. विटी हवेत उडवून तिला टोला हाणताना कोणी कोपराचा विचार करत नाही. पाय आपोआप रुंद होतात, कंबर फिरते, दांडू आडवा येतो आणि नजर विटीवरून हटत नाही. इथे मानक नगरातली पोरे हाच खेळ गिल्ली-डंडा म्हणून खेळतात. त्यांचे टोले पाहताना मला नेहमी वाटते, की सॉफ्टबॉलच्या पहिल्या आठवड्यात नव्या कॅडेटच्या हाती बॅटऐवजी दांडू द्यावा. हवेतल्या वस्तूला अंग फिरवून मारायची सवय त्याला खेळता खेळता लागेल, आणि ‘शिकवल्याचा’ ताण येणार नाही.

यावर प्रशिक्षकांचे म्हणणे काय असेल याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप वेळेचा. एका तासिकेत चाळीस मुले, बॅट चार, पुढच्या महिन्यात स्पर्धा. प्रत्येकाचे वीस फटके पाहायचे कधी? अडचण खरी आहे. पण शाळेत बडीची पद्धत आहेच. दोन-दोन कॅडेट्सची जोडी लावावी. एकाने मारावे, दुसऱ्याने पाहावे आणि वहीत तीनच खुणा कराव्यात: मध्यावर लागला, कसाबसा लागला, चुकला. प्रशिक्षकांनी पंधरा दिवसांतून एकदा ती वही पाहून प्रत्येकाला एक ओळ लिहून द्यावी. त्या पंधरवड्यात त्या मुलाला दुसरी सूचना कोणीही द्यायची नाही, सीनियरने नाही आणि पालकाने तर नाहीच. पाहणाऱ्या बडीचाही यात फायदा आहे. दुसऱ्याचा पाय कुठे पडतो हे ज्याला दिसू लागले, त्याला स्वतःचा पाय जाणवू लागतो.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. सैनिकी शाळेत सगळ्यांनी एकसारखे करायला नको का? कवायतीच्या मैदानावर जरूर हवे. पण कवायत शिकवण्याची पद्धत तरी कशी आहे? सावधान शिकवताना उस्ताद आधी टाचा जुळवून घेतात, मग पंजे ३० अंशांत उघडायला सांगतात, मग गुडघे, मग मुठी, मग छाती, आणि शेवटी नजर. गिनतीने, एकेक करून, आणि पायापासून वर! मी जे मागतो आहे ते शिस्तीच्या विरुद्ध नाही. कवायतीच्या उस्तादांची पद्धत सॉफ्टबॉलच्या मैदानावर आणा, एवढीच विनंती आहे.

फक्त एक फरक ठेवावा लागेल. कवायतीत शेवटचा आकार सर्वांचा एक असतो, स्विंगमध्ये तसा नसतो. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, २७ जुलै २०२१ रोजी, जपानच्या महिलांनी अमेरिकेला २-० असे हरवले. जपानी संघ डावखुऱ्या, धावत्या पावलांनी चेंडू ढकलून पहिल्या बेसकडे सुटणाऱ्या बॅटर्ससाठी ओळखला जातो. अमेरिकेत दूरच्या टोल्याला मान आहे. दोन्ही पद्धती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचतात. रेल्वेत ब्रॉडगेजचे माप १६७६ मिलिमीटर ठरलेले असते, तरी प्रत्यक्ष रुळांना काही मिलिमीटरची सूट दिलेली असते. मानकालाही सवलत लागते. मग वाढत्या वयाच्या मुलाला का नको? सहा महिन्यांत ज्याची उंची दोन इंच वाढते, त्याचे हात-पाय त्याच्याच ओळखीचे राहत नाहीत. पाय, कंबर, हात हा क्रम सर्वांसाठी एकच ठेवावा. बॅट किती उंच धरायची आणि उभे कसे राहायचे, हे मुलावर सोडावे.

इथे बॅटच्या वजनाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ मुलांच्या स्विंगमधला दोष मुलात नसून बॅटमध्ये असतो. मोठ्या संघाच्या जुन्या बॅट लहानांच्या हाती येतात. जड बॅट फिरवताना मूल हात अंगापासून दूर फेकते, मागे झुकते आणि आपण त्याला ‘तंत्र नाही’ म्हणतो. साधी कसोटी अशी: बॅट एका हाताने खांद्याच्या उंचीवर समोर सरळ धरावी. पंधरा-वीस सेकंदांच्या आत टोक थरथरू लागले किंवा खाली आले, तर ती बॅट त्या मुलासाठी जड आहे. पालकांनी महागड्या बुटांआधी हे पाहावे.

पालकांना आणखी एक विनंती. फटका हिट झाला की नाही यावरून स्विंग मोजू नका. उत्तम स्विंगचा चेंडू थेट शॉर्टस्टॉपच्या हातात जाऊ शकतो आणि वाईट स्विंगचा घरंगळत बेस मिळवून देऊ शकतो. टेड विल्यम्स या बेसबॉलमधल्या थोर बॅटरने १९४१ च्या हंगामात .४०६ ची सरासरी राखली आणि तो विक्रम आजही आदराने सांगितला जातो. त्या सरासरीचा अर्थ असा की, हिशेबात धरलेल्या दर दहा वेळांपैकी सुमारे सहा वेळा त्यालाही हिट मिळाली नव्हती. आपल्या तेरा वर्षांच्या मुलाकडून आपण दहापैकी दहाची अपेक्षा धरतो. फोनवर ‘किती हिट मारल्या?’ असे विचारण्याऐवजी ‘या पंधरवड्यात काय सुधारतो आहेस?’ असे विचारून पाहा. त्याच्याकडे एक वाक्याचे उत्तर असेल, तर सराव ठीक चालला आहे असे समजा. सहा वाक्यांचे असेल, तर प्रशिक्षकांशी नम्रपणे बोला.

आणि कॅडेट मित्रांनो, थोडे तुमच्यासाठी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे. त्यामुळे या खेळाकडे पुन्हा लक्ष जाईल. तुमच्यातले किती जण तेवढ्या उंचीपर्यंत जातील हे कोणी सांगू शकत नाही, आणि खेळायला ते कारण लागतही नाही. पण प्लेटजवळ उभे राहिल्यावर तुमच्या डोक्यात एकच विचार असण्याचा हक्क तुम्हाला आहे. कोणी दुसरी सूचना दिली तर ‘जी सर’ म्हणा, ती वहीत लिहून ठेवा आणि तिची पाळी येईपर्यंत थांबा. सांगणाऱ्याचा मान राहील आणि तुमचा पंधरवडाही वाया जाणार नाही. स्पर्धेच्या आठवड्यात तर वही मिटूनच ठेवा. त्या आठवड्यात चेंडू पाहायचा आणि बॅट फिरवायची, बस्स.

शाळा उघडल्यावर आमच्या मुलीने अ‍ॅथलेटिक्सला नाव दिले नाही. संघात तिची जागा पक्की झाली आहे, असेही नाही. पण तिच्या पत्रातून कळते, की ती आता प्रत्येक चांगल्या चेंडूवर बॅट फिरवते. चुकलेल्या फटक्यातून पुढची दुरुस्ती सापडते. न फिरवलेल्या बॅटमधून प्रशिक्षकांना काहीच दिसत नाही. म्हणून आपल्या मैदानावर मुलांना आधी मोकळेपणाने बॅट फिरवू द्यावी आणि झुबका दिसल्यावरच साइटला हात लावावा, ही माझी सर्व गुरुजनांना आणि पालकांना विनंती.

— एक पालक, मानक नगर, लखनौ